गुरुपदाचा हक्क : जांब आणि मेहुणा

रामदास शिवाजी महाराजांचे गुरू होते की नव्हते, या एका प्रश्नावर महाराष्ट्राने जितकी शाई खर्च केली तितकी दासबोध वाचण्यावर केलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, समर्थांवाचून शिवाजीला कोणी विचारले असते अशा अर्थाचे विधान केले आणि तोच जुना वाद पुन्हा पेटला. निषेध झाले, मोर्चे निघाले, जुनी कागदपत्रे पुन्हा बाहेर आली. आपल्यापैकी पुष्कळ कार्यकर्ते त्या वादात उतरले, आणि ते योग्यच होते. एका कर्तृत्ववान राजाचे कर्तृत्व काढून ते मठाच्या खात्यावर मांडण्याचा हा उद्योग जुना आहे. परंतु त्या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही. रामदास कोणाचे गुरू होते हे क्षणभर बाजूला ठेवू. रामदासांच्या मते गुरू कोणाला होता येते?

माझ्या दृष्टीने संतकवितेचा आणि संप्रदायांचा सगळा व्यवहार तपासण्याची हीच खरी कसोटी आहे. देवापुढे सारे सारखे, असे म्हणायला कोणत्याच संप्रदायाला फारसे काही द्यावे लागत नाही. देव दगडाचा असतो. त्याच्यापुढे सारखे ठरल्याने कोणाची जमीन जात नाही, कोणाची पंगत बाटत नाही. गुरूचे तसे नाही. गुरू हा हाडामांसाचा माणूस असतो. त्याच्यापुढे वाकावे लागते, त्याचे ऐकावे लागते, त्याच्या हातचे घ्यावे लागते. म्हणून जेथे गुरुपदाचा प्रश्न येतो तेथे संप्रदायाचे खरे रूप उघडे पडते.

या विचाराला आमच्या भागाचा भूगोलही कारण आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोदावरीच्या अलीकडे, घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. तेथे सूर्याजीपंत ठोसर यांच्या कुलकर्ण्याच्या घरात शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, नारायण जन्मला; तोच पुढे रामदास. उलट जालना शहरातून ईशान्येला निघाले की थोड्याच वेळात जिल्ह्याची हद्द संपते आणि बुलढाणा जिल्ह्यातला देऊळगाव राजा तालुका लागतो. त्या तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखामेळ्याचे जन्मगाव, असे परंपरा सांगते. एका दिवसात दोन्ही गावे पाहून माणूस घरी परत येऊ शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातील मूर्ती चोरीस गेल्या तेव्हा सबंध महाराष्ट्राला जांब ठाऊक झाले; ऑक्टोबरात त्या सापडल्या, बरे झाले. मेहुणा कोठे आहे हे मात्र मी वर्गात विचारतो तेव्हा जालन्याच्या मुलांनाही नकाशावर बोट ठेवता येत नाही. एक गाव कुलकर्ण्याचे, एक महाराचे. गावगाड्यात कुलकर्णी लिहीत होता आणि महार त्याचा निरोप वाहून नेत होता. मराठी संतकवितेतही हे काम फारसे बदललेले नाही, हे मला येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम दासबोध. वीस दशक, दोनशे समास असा हा ग्रंथ. त्याच्या पाचव्या दशकाचा पहिला समास गुरुनिश्चयाचा आहे. त्यात रामदास आधी ब्राह्मणाचे माहात्म्य सांगतात. देवही ब्राह्मणाला वंदन करतात, मग माणसांची काय कथा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ब्राह्मण बुद्धीने जड असला तरीही तो जगाला वंद्यच, असे ते स्पष्ट म्हणतात. आणि लगेच अंत्यजाचा दाखला देतात. शब्दांचे चांगले ज्ञान असलेला अंत्यज भेटला, तरी त्याला नेऊन करायचे काय? त्याला ब्राह्मणाशेजारी बसवून त्याची पूजा तर करता येणार नाही! हा प्रश्न रामदास उत्तर मिळावे म्हणून विचारत नाहीत. ऐकणाऱ्याला उत्तर ठाऊकच आहे, या खात्रीने विचारतात.

हा समास मी वर्गात वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे हे तुमच्याबद्दलच ना?" वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या मुलाचे वाचन बिनचूक होते. येथे रामदासांच्या डोळ्यांपुढे असलेला अंत्यज हा अडाणी नाही, व्यसनी नाही, आचारभ्रष्ट नाही. तो शिकलेला आहे. त्याच्याकडे ज्ञान आहे हे रामदास मान्य करतात. म्हणजे हरकत अज्ञानाला नाही, ज्ञानालाही नाही. ते ज्ञान ज्या शरीरात आहे त्या शरीराला आहे. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून महाविद्यालयात शिकवायला उभ्या राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हा समास परका नाही. 'माणूस हुशार आहे हो, पण...' या वाक्यातला तो 'पण' आम्ही आजही प्राध्यापकांच्या खोलीत ऐकतो. गुरुपौर्णिमेला ज्यांच्या पायांवर फुले पडतात आणि ज्यांच्या पडत नाहीत, त्यांची यादी कोणी केली तर पाचव्या दशकाची छापील प्रत वेगळी काढण्याची गरज उरणार नाही.

समर्थभक्त अभ्यासक यावर दोन बचाव मांडतात. दोन्ही तपासले पाहिजेत, कारण ते बरेच सुशिक्षित बचाव आहेत.

पहिला असा की, याच समासात पुढे रामदास निराळ्या सद्गुरूविषयी बोलतात. मोक्ष देणारा तो, संशय छेदणारा तो, आत्मज्ञान हेच त्याचे लक्षण. हे खरे आहे. दासबोधात सर्वांच्या ठायी एकच अंतरात्मा असल्याचे प्रतिपादनही वारंवार येते, तेही खरे. पण पुढे आलेल्या विवेचनाने मागचा अंत्यजाचा नकार मागे घेतला जातो काय? तसे कोठेही होत नाही. आत्मा एक आहे म्हणून अंत्यज गुरू होऊ शकतो, हे एक साधे वाक्य दोनशे समासांत रामदासांना लिहिता आले असते. ते त्यांनी लिहिले नाही. शिवाय रामदासांना रूढी मोडताच येत नव्हती असेही नाही. वेणाबाई या विधवा शिष्येला त्यांनी कीर्तनाचा अधिकार दिला, मिरजेच्या मठाची जबाबदारी दिली. सतराव्या शतकात एका ब्राह्मण विधवेला मठाधिपती करणे ही लहान गोष्ट नव्हे. मोठीच गोष्ट आहे. म्हणजे कोठली भिंत पाडायची आणि कोठली राखायची हे त्यांनी निवडले होते. आमच्या वाट्याची भिंत त्यांनी राखली.

दुसरा बचाव काळाचा. तो काळच तसा होता, आजचे माप त्या काळाला लावू नये, असे म्हणतात. हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की कित्येकांना ते इतिहासाचे तत्त्वच वाटू लागले आहे. ठीक आहे, आपण आजचे माप लावू नये. त्याच काळाचे लावू.

दासबोधाच्या चौदाव्या दशकाचा सातवा समास युगधर्माचा आहे. या समासात रामदास आपल्या काळाबद्दल तक्रार करतात. ब्राह्मण बुद्धीपासून ढळले, आचारापासून भ्रष्ट झाले, गुरुत्व टाकून देऊन शिष्यांचे शिष्य झाले, असे ते म्हणतात. कोणी दावलमलिकाला जातात, कोणी पीराला भजतात, कोणी आपखुशीने मुसलमान होतात. हलक्या माणसाला गुरुपण मिळाले आणि आचार बुडाला. राज्य मुसलमानांनी नेले, गुरुत्व नालायकांच्या हाती गेले, आणि आपण कोठलेच उरलो नाही, असा त्या तक्रारीचा शेवट आहे.

विष्णुभक्तीची उजळणी करणारे हा समास विलापासारखा वाचतात. इतिहासकार राजवाड्यांनी तर वारकरी संतांना 'संताळे' म्हणून हिणवले, त्यांच्या धर्माला 'सहिष्णु' म्हटले आणि रामदासांच्या महाराष्ट्रधर्माला 'जयिष्णु' ठरवले. त्या साऱ्यांना या समासात देश बुडाल्याचे दुःख दिसते. मला त्यात निराळेच दिसते. हा समास म्हणजे सतराव्या शतकातला एक साक्षीदार आहे, आणि तो आपल्या बाजूने साक्ष देतो आहे. देणाऱ्याची इच्छा नसताना देतो आहे, म्हणून तर ती अधिक मोलाची. 'हलकी' म्हटलेली माणसे तेव्हा गुरू होत होती. ब्राह्मण त्यांचे शिष्यत्व पत्करत होते. लोक पीराकडे जात होते ते बळजबरीने नव्हे, आपखुशीने. जे घडतच नव्हते त्याबद्दल इतका संताप कोणी करीत नाही. मग काळ तसा होता म्हणजे कसा होता? काळ तर पुढे चालला होता, आणि दासबोध त्याला मागे ओढत होता.

यासाठी फार लांब जायला नको. औरंगाबाद जिल्ह्यातच, वेरूळजवळच्या देवगावात १६२८ साली बहिणाबाई जन्मली. ब्राह्मण घरातली, ब्राह्मण घरात दिलेली. तिने देहूच्या तुकारामाला, एका कुणब्याला, शूद्राला, गुरू मानले. नवऱ्याने त्यासाठी तिला मारहाण केली, हे तिनेच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवले आहे. तरी तिने गुरू सोडला नाही. एवढ्यावर ती थांबली नाही. ब्राह्मण म्हणजे नेमके काय, जीव की देह की जात की कर्म, असा एकेका उत्तराला खोडून काढत जाणारा वज्रसूचीचा विचार तिने मराठी अभंगांत आणला. वज्रसूची या नावाचे एक उपनिषद आहे आणि अश्वघोषाच्या नावावर असलेला एक बौद्ध ग्रंथही आहे. जातिव्यवस्थेवर इतका तर्कशुद्ध हल्ला संस्कृतात क्वचितच झाला असेल. तो मराठीत आणला आपल्या मराठवाड्यातल्या एका मार खाणाऱ्या बाईने. तिकडे तुकारामालाही शूद्र असून धर्म सांगतो या एकाच गुन्ह्यासाठी आपल्या वह्या पाण्यात सोडाव्या लागल्या. वाद काव्याच्या गुणवत्तेचा नव्हता. सांगण्याच्या अधिकाराचा होता. बहिणाबाई १७०० साली वारली. तिचे आयुष्य आणि रामदासांचे उत्तरायुष्य एकाच काळातले. रामदासांनी तो समास तिला उद्देशून लिहिला असे मी म्हणत नाही. पण ब्राह्मण शिष्यांचे शिष्य झाले, या तक्रारीचा चेहरा कसा असेल हे पाहावयाचे असेल तर तो बहिणाबाईचा आहे. त्याच काळाचे माप लावायचे तर हे लावा.

रामदासांची कविता म्हणून जी आहे तिच्याबद्दल मला आकस नाही. करुणाष्टकांतली व्याकुळता खरी आहे, आणि दासबोधाच्या मराठीइतकी कामाची, निर्भीड आणि कोणत्याही विषयाला हात घालणारी मराठी पुढे कितीतरी वर्षे कोणी लिहिली नाही. पण भाषा चांगली आहे म्हणून तिने काय म्हटले ते ऐकू नये, असा नियम आम्ही का मानावा?

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास घ्या. विषय लेखनक्रिया. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, समास किती सोडावा, टाक कसा तासावा, पोथी कशी जपावी. इतका बारकाईचा मजकूर मध्ययुगीन मराठीत दुर्मीळ. हस्ताक्षराचा विषय निघाला की मराठीचे शिक्षक हा समास हमखास काढतात. त्यात कर्ता कोण आहे इकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. सुंदर बाळबोध अक्षर घोटून घोटून काढायला रामदास सांगतात ते ब्राह्मणाला. पहिल्याच वाक्यात सांगतात. शाळेच्या भिंतीवर हा मजकूर लावताना तो शब्द बोचत नाही, कारण तो बहुतेकांच्या डोळ्यांना दिसतच नाही.

आणि हे नुसते सांगणे नव्हते. त्यामागे व्यवस्था उभी राहिली. दासबोध रामदासांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला. कल्याणांच्या हातची प्रत परांडा तालुक्यातील डोमगावच्या मठात पिढ्यान्पिढ्या जपली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी त्या प्रतीवरून ग्रंथ छापला. मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली, त्यासाठी सत्कार्योत्तेजक सभेसारखी संस्था चालवली. देवांच्या त्या कष्टांना कोणीही नमस्कारच करील. गुरू, लेखक, प्रत, मठ, संपादक, छापखाना अशी ही साखळी तीनशे वर्षे तुटली नाही. दासबोधात कोणता समास कोठे आहे हे आज मी खात्रीने सांगू शकतो ते या साखळीमुळे.

आता मेहुण्याकडे वळू. जनाबाईच्या नावावर एक अभंग आहे. त्यात कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची जंत्रीच दिली आहे. त्या जंत्रीत चोखामेळ्याचा लेखक म्हणून अनंतभट्टाचे नाव येते. स्वतः जनाबाई म्हणते की आपला लेखक पांडुरंग. दासीला लिहून घ्यायला माणूस मिळाला नाही, म्हणून तिने देवालाच कारकून केले, हा तिचा बाणेदारपणा. पण चोख्याचे काय? महाराच्या तोंडचे शब्द भटाच्या हातातून कागदावर उतरले, असे परंपराच सांगते. आणि चोख्याच्या अभंगांवर बोलणारे टीकाकार, त्यात आपलेही आले, हा तपशील सोडून देतात.

तो सोडून देता येत नाही. चोख्याच्या नावावर एक अभंग आहे ज्यात आपण मागच्या जन्मी कृष्णनिंदा केली म्हणून या जन्मी महार झालो, असा कबुलीजबाब आहे. आपल्या टीकाकारांनी चोख्याला दोषी ठरवले ते मुख्यतः या अभंगावरून. कर्मसिद्धान्त पचवलेला, शरण गेलेला, गुलामीला पुण्य समजणारा कवी, असा निकाल दिला गेला. पण त्याच गाथेत देवाला जाब विचारणारा चोखा आहे. विटाळ विटाळ म्हणता तो राहतो कोठे, जन्मतो कोठून, असे खडसावून विचारणारी सोयराबाई आहे. आणि मुलगा कर्ममेळा तर कोणाचीच भीड ठेवत नाही. आम्हाला हीन केलेस, जन्मभर उष्टे खायला लावलेस, तुला लाज कशी वाटत नाही, असे तो विठ्ठलाला तोंडावर म्हणतो. एकाच घरातून, एकाच चुलीजवळून हे दोन सूर कसे निघाले? एकाच माणसाच्या मनात शरणागती आणि संताप एकत्र नांदू शकतात, हे मला मान्य आहे. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांत मी ते पाहिले आहे. पण दुसरी शक्यताही उघडी ठेवली पाहिजे. कोणता शब्द चोख्याचा, कोणता लेखकाचा, कोणता पुढच्या कीर्तनकाराचा, हे ठरवल्याशिवाय चोख्यावर खटला चालवणे म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या जबानीवर आरोपीला शिक्षा देणे होय. पाटील-कुलकर्ण्यांच्या कचेरीत आपल्या आज्यांनी अशा जबान्यांवर अंगठे उठवलेले आहेत.

जोहारचेच पाहा. महाराने दारात उभे राहून करायचा नमस्कार हा चोख्याने अभंगाचा विषय केला. त्याच्या जोहारात भूक आहे, उष्ट्याची आशा आहे. पुढे पैठणच्या एकनाथांनी महाराच्या तोंडी जोहाराची भारुडे लिहिली. त्यात गावगाड्याचे हिशेब, बाकी, कोतवाली असे सारे रूपक येते आणि महार ज्ञानी होऊन गावाला उपदेश करतो. एकनाथांची सहानुभूती खोटी नाही. तरी फरक लपत नाही. नाथांचा महार बोलतो, पण त्याला भूक लागत नाही. चोख्याच्या जोहारात आधी पोट आहे, मग अध्यात्म. अभ्यासक्रमांत मात्र बहुधा नाथांचे भारूड असते आणि चोख्याचा तो उसाचा दाखला देणारा अभंग असतो. बाहेरच्या वाकडेपणावर जाऊ नका, आत रस आहे, असे विनवणारा. संपूर्ण गाथेतून नेमका तोच अभंग पिढ्यान्पिढ्या का निवडला जातो याचा विचार शिक्षकांनी करावा. त्यात वाचणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. कर्ममेळा विचारतो, म्हणून तो पुस्तकात येत नाही.

चोख्याभोवती रचलेल्या कथांतूनही हेच साधले आहे. पुजाऱ्याने चोख्याच्या तोंडात मारली आणि देवाचा गाल सुजला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनात ती आली की डोळे पाणावतात. पाणी येते ते देवाच्या गालासाठी. ज्याला मारले तो कोपऱ्यात राहतो, आणि ज्याने मारले त्याचा हात तर कथेतून नाहीसाच होतो. अपमानाचा चमत्कार झाला की गुन्हेगार उरत नाही. चोख्याचा शेवट शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याला झाला. गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखा त्याखाली गाडला गेला. परंपरा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोख्याची म्हणून नामदेवांनी ती वेचून आणली आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेवांचे ऋण मानलेच पाहिजे. पण बाकीची हाडे? ती कोणाची होती? मराठी साहित्याने बांधकामावर मेलेल्या मजुराची नोंद केली ती एका संताच्या निमित्ताने, आणि त्यातही बाकीचे मजूर नावाशिवाय राहिले.

पुढे त्या समाधीचीच सीमा झाली. अस्पृश्यांनी यावे ते चोखोबाच्या समाधीपर्यंत, पुढे नाही. ज्याचा विठ्ठलावर सर्वांत अधिक हक्क होता त्याच्या थडग्याचा उंबरठा करून त्याच्याच जातीला सहाशे वर्षे बाहेर ठेवले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले तेव्हा ते दार उघडले. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडचे वारकरी महार त्या दारातून आत गेले ते परक्या राज्यातून येऊन. आणि आत जाऊन पुरती दहा वर्षे होत नाहीत तोच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ते दारच सोडून दिले.

येथे आजचा प्रश्न येतो. विठ्ठल सोडला, चोख्याचे काय करायचे? धर्मांतरानंतर आमच्या वस्त्यांतून तुळशीच्या माळा उतरल्या, तसबिरी नदीत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर चोख्याची भजनेही गेली. त्या क्षणी ते आवश्यक होते असे मला वाटते. घर झाडताना माणूस एकेक वस्तू निरखीत बसत नाही. दलित साहित्याचा उगम बुद्धापासून, चोख्यापासून, फुल्यांपासून की बाबासाहेबांपासून, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. त्यात चोख्याच्या बाजूने बोलणाऱ्याकडे संशयाने पाहिले गेले. हिंदू समरसतेवाले चोख्याला पालखीत बसवून आमच्या वस्त्यांत आणतात, म्हणून तो संशय आजही निराधार नाही.

तरीसुद्धा बाबासाहेबांचे वर्तन डोळ्यांपुढे ठेवावे. कबीरपंथी घरात ते वाढले. १९२० मध्ये 'मूकनायक' काढला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकारामाचे शब्द घातले; १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीतील ओव्या घातल्या. 'जातिसंहारा'च्या निमित्ताने गांधींना उत्तर देताना मात्र त्यांनी स्वच्छ सांगितले की संतांनी जातिव्यवस्थेविरुद्ध लढा उभारला नाही. माणसामाणसांतल्या झगड्याशी नव्हे, माणूस आणि देव यांच्या नात्याशी त्यांचा संबंध होता. आणि १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी पुन्हा वाचावे. बाबासाहेबांनी संतांच्या तत्त्वज्ञानाला मार्गदर्शक मानले नाही, आणि आपल्या माणसाला परक्यांच्या हाती सोडलेही नाही. अर्पणपत्रिकेत त्यांनी चोख्याला ठेवला तो देवाचा भक्त म्हणून पूजेला नव्हे. अस्पृश्यांत जन्मून स्वतःच्या गुणांनी सर्वांचा आदर मिळवलेला पूर्वज म्हणून.

या दृष्टीने पाहिले म्हणजे गुरुपदाच्या कसोटीवर चोखा कोठे उभा राहतो ते दिसते. नामदेवाला त्याने गुरू मानले. पण तो स्वतः कोणाचा गुरू झाला? बायको सोयरा, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा. घराबाहेरच्या समाजाने त्याचे अभंग गायले, त्याला संत म्हटले, पण त्याचे शिष्यत्व पत्करून परंपरा चालवली नाही. त्याचा मठ झाला नाही, फड उभा राहिला नाही, कल्याणस्वामी मिळाला नाही, डोमगाव मिळाले नाही, धुळ्याचे देव मिळाले नाहीत. रामदासांनी जे तत्त्व म्हणून लिहिले ते वारकऱ्यांनी न लिहिता पाळले. दोहोंत मला तरी रामदास अधिक प्रामाणिक वाटतात. एका घराच्या चार भिंतींत कोंडलेली ही गुरुपरंपरा पाच माणसांची आहे, त्यांतल्या दोन बायका आहेत, आणि पाचही जण कवी आहेत. मराठीत दुसरे असे घर दाखवा.

म्हणून आता काम आहे ते संपादनाचे. चोखामेळा आणि त्याचा परिवार यांच्या गाथेची चिकित्सक आवृत्ती आपल्या हाताने व्हावयास हवी. छापील गाथांतले पाठ एकमेकांशी ताडून पाहिले पाहिजेत, फडांवरच्या वह्या मिळतील तेथून मिळवल्या पाहिजेत, शंकास्पद अभंग शंकास्पद म्हणून वेगळे छापले पाहिजेत. विद्यापीठांत आपली मुले संशोधनाला विषय शोधत हिंडतात आणि शेवटी चार आत्मकथनांवर पाचशे पाने लिहितात; त्यांतल्या दोघांनी हे काम पत्करले तरी पुष्कळ होईल. नुसत्या छापील गाथांवरही विसंबू नये. माझ्या आजीने विठोबा सोडला तो माझे वडील लहान असताना. पण जात्यावर आणि पुढे पिठाची गिरणी आल्यावर धान्य निवडताना ती सोयराबाईचे दोन अभंग म्हणत असे. ते गाथेत सापडतात, पण शब्द जागोजागी वेगळे आहेत. तिच्या पाठात देवाचे नाव एकदाच येते. हे पाठ कोणत्याही छापील आवृत्तीत नाहीत, आणि जालना, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यात ज्यांच्या तोंडी ते अजून असतील त्या बाया आता ऐंशीच्या घरात आहेत.